आत्याचा शनिवार

आमच्या गावात कुणाच्याही घरात मागच्या दारानं, न विचारता शिरायची मुभा दोघांनाच होती. एक मांजराला आणि दुसरी यमुनाआत्याला. मांजराला निदान हाकलता तरी यायचं.

गाव म्हणजे नालासोपाऱ्याहून कळंबकडे जाताना लागतं ते. नाव लिहीत नाही. माणसं जिवंत आहेत, माझं औषधांचं दुकान अजून तिथल्याच नाक्यावर आहे, आणि उद्या सकाळी मला शटर उघडायचंय. मी मूळचा संगमेश्वरकडचा. इथं येऊन उभी हयात गेली तरी गाव मला 'मेडिकलवाला'च म्हणतं. आत्या तर त्यातला 'वाला'सुद्धा गाळायची. रस्त्याच्या पलीकडून हाक यायची, "ए मेडिकल! चश्मा पूस जरा, गिऱ्हाईक उभा हाय तो दिसत नाय तुना?"

उंच, सावळी, हाडापेरानं दणकट बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं, मशेरीनं काळे पडलेले दात, आणि कमरेला, जिथं इतर बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथं, स्वयंपाकातला स्टीलचा लांब दांड्याचा डाव. तो डाव घेऊन ती लग्नाला जायची, बारशाला जायची, मयतालाही जायची. कुणाच्या दारात पिंप दिसलं की डाव आत बुडवायचा, पाणी उजेडात धरायचं आणि त्यात काही वळवळताना दिसलं की साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "बघा, बघा, पावने नाचतायत!" मग कुणाच्या बापाला न विचारता पिंप आडवं.

ती गावची लेक. खाडीपलीकडं दिलेली, तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा धाकट्या भावाकडं परत आली ती कायमची. भाऊ जनार्दन. गाव त्यांना नाना म्हणतं, ती एकटी 'जन्या' म्हणायची. भावाच्या घरची म्हणून ती पोरांची आत्या, आणि पोरांची म्हणून साऱ्या गावाची. तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणत. या मुलखात माहेरी परतलेल्या लेकीला फार मान. लग्नात पहिलं पान तिचं, विहिरीवर पहिला हंडा तिचा. मान सगळ्यांच्या घरात आणि स्वतःचं घर मात्र कुठंच नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं का, कोण जाणे.

ज्या वर्षी ताप आला त्या वर्षापासून आत्याला हे वेड लागलं. पावसाळा सरता सरता गावात थंडीताप शिरला. भर दुपारी माणसं गोधडीत कुडकुडायची, मग घामानं निथळायची, एक दिवस बरं वाटायचं की पुन्हा थंडी. माझ्या दुकानासमोर रांग. आरोग्य खात्याच्या ताई आल्या, देवळाच्या मंडपात सभा झाली. मलेरियाचा डास गटारात नाही, घरात साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, घासा, सुकवा, टाक्या झाका, विहिरीत, बावखळात म्हणजे वाडीतल्या उघड्या तळ्यात, अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. गावानं मान डोलावली, चहाबिस्किटं घेतली आणि घरी जाऊन काहीही केलं नाही. का करावं? आपल्या घरचं पाणी चांगलंच असतं, घाण असते ती शेजाऱ्याची.

पुढच्या सभेत आत्या उभी राहिली. "सांगून कोन करतंय? माझ्या आजीच्या टायमाला देवळातल्या दिव्याची पाळी असायची. आज या घरानं तेल घालायचा, उद्या त्या घरानं. कुनाची छाती नव्हती दिवा इझवायची. तसाच करा. दर शनवारी एका घराची पाळी. त्या घरानं सगळ्या गावाचा पानी तपासायचा. मी हाय संगती."

सभेतले काही लोक हसले. पण बाई गावाला ओळखून होती. दुसऱ्याच्या मोरीत, माळ्यावर, फ्रीजच्या पाठीमागं डोकावायची परवानगी मिळतेय, तीही लोककल्याणासाठी, म्हटल्यावर गाव असं काही कामाला लागलं की विचारू नका. पाळीच्या घरातली मंडळी शनिवारी न्हाऊनधुऊन निघत. कुणाच्या घरी किती पसारा, कुणाच्या फ्रीजमध्ये काय, कोण अजून झोपलंय, सगळ्याचा हिशेब लागायचा आणि त्याच्याबरोबर पिंपंही रिकामी व्हायची. आणि आपल्याकडं उद्या अमकी येणार या धास्तीनं बायका शुक्रवारीच भांडी घासून पालथी घालायच्या. सरकारी पत्रकाला जे जमलं नव्हतं ते चोंबडेपणानं करून दाखवलं.

आत्याला सगळं कळत होतं असं मात्र नाही हां. एकदा तिनं वाटीभर भिजवलेला सबजा अळ्या समजून मोरीत ओतला. मशेरी लावणाऱ्याला डास चावत नाही असं तिचं ठाम मत होतं, मी हसलो तर म्हणाली, "मना चावला काय कधी? मंग?" भुईगावात तिची एक ख्रिस्ती मैत्रीण होती, तिच्या वाडीतल्या बावखळातून ती दुधाच्या किटलीत गप्पी मासे आणायची. बसमध्ये किटली मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, आत्या, दूध का? तर झाकण उघडून म्हणाली, "पोरा हायत माझी."

आणि ती हळद. आमच्याकडं हळद म्हणजे लग्नाहून मोठा कारभार, अख्खं गाव जेवायला. त्या दिवशी नेमका शनिवार. लग्नघरात आचाऱ्यांसाठी मांडवाच्या मागं पिंपांची रांग लावलेली, आठवडाभर आधीपासून भरून ठेवलेली, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. आत्या नवी साडी नेसून आली, डाव बुडवला, उजेडात धरला आणि एकामागून एक सगळी पिंपं लाथेनं आडवी केली. मांडवात चिखल. नवरदेवाचा बाप धावत आला, "आत्या, अगं आज हळद हाय घरात!"

"म्हनून तं वतलंय. नव्या सुनेला पहिल्या घासाला तापच वाढतंस काय रे?"

तो इतका भडकला की हात उगारायचा तेवढा बाकी होता. आत्या वळली, साडीचा पदर खोचला, विहिरीवर जाऊन उभी राहिली आणि पोहरा आत सोडला. दहा मिनिटांत आळीतल्या सगळ्या बायका रांगेत. हातोहात घागरी पुढं सरकत होत्या, गाणी चालली होती, आणि पंगत बसायच्या आत पिंपं पुन्हा भरलेली. संध्याकाळी तोच बाप तिला हाताला धरून नाचायला घेऊन गेला. मी पाहिलंय.

तीन-चार पावसाळ्यांत गावातला ताप जवळजवळ बंद झाला. नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला, 'तापमुक्त गाव', खाली कमानीत गावच्या कर्त्या पुरुषांचे फोटो. नाना मधोमध. आत्याचा फोटो नव्हता. मी तिला तसं म्हणालो तर म्हणाली, "बरा झाला. माझ्या तोंडाला बघून डासा परत यायची."

ती हसली, मीही हसलो. पण एक गोष्ट मला दुकानातून दिसत होती आणि ती हसण्यासारखी नव्हती. माझ्या दुकानापुढची रांग काही कमी झाली नव्हती. फक्त रांगेतली बोली बदलली होती. आता त्या रांगेत परभणीकडचे होते, जळगावचे होते, उत्तरेकडचे होते. भाडोत्री.

वसईविरारकडच्या गावांत आता प्रत्येक घराच्या पाठीमागं एक चाळ आहे. भाताची खाचरं गेली, त्या जागी पत्र्याच्या खोल्या उठल्या, आणि त्यांत लादी बसवणारे, रंग देणारे, रिक्षा चालवणारे येऊन राहिले. गावाचं पोट त्यांच्यावर चालतं, पण गाव मोजताना गाव त्यांना मोजत नाही. शनिवारचा फेरा घराच्या मागच्या पडवीपर्यंत जायचा आणि वळायचा. पडवीपासून चाळीचं पहिलं दार हाकेच्या अंतरावर. तिथं कुणी जायचं नाही. आणि हे ठरवलं कुणी? आत्यानंच. त्या पहिल्या सभेत आरोग्याच्या ताईंनी विचारलं होतं, "आणि चाळी?" आत्यानं हात झटकला होता, "ती आज हाय, उद्या नाय. त्यांना कशाला पाळीत घालायचा?" सगळ्या गावाला ते इतकं बरोबर वाटलं की त्यावर कुणी दुसरा शब्द काढला नाही.

नानांच्या चाळीत शोभा राहायला आली. परभणीकडची, नवरा संतोष लादीकाम करणारा. विशीतली, बडबडी पोर. आत्याला कुठून तिचा लळा लागला देव जाणे. दुपारी तिच्या उंबऱ्यावर बसून दोघी वाल सोलायच्या. शोभा तिच्या बोलीची नक्कल करायची, "पानी, लोनी, आनि" म्हणून खिदळायची, आणि आत्या, जिच्यापुढं गावातला बाप्या ब्र काढत नव्हता, ती मुकाट ऐकून घ्यायची. शोभाला दिवस गेले तेव्हा डोहाळे आत्यानंच पुरवले. कळंबच्या कोळणीकडून ताजी मांदेली काय, आगाशीच्या बाजारातून कैऱ्या काय. "माझी नात येतेय," म्हणायची. नानांच्या घरात ते फारसं आवडत नव्हतं.

सातव्या महिन्यात शोभाला ताप भरला. संतोष माझ्याकडं तापाच्या गोळ्या मागायला आला. थंडी वाजते का विचारलं, हो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलोच. "गोळ्याबिळ्या काही नाही. पोटुशी बाई आहे. आत्ताच्या आत्ता तिला घेऊन आरोग्य केंद्रात जा, रक्त तपासून घे, फुकट असतं!" तो पळत गेला. आणि एकटाच परत आला. म्हणाला, "ती येईना. म्हणती पाणी यायचंय."

त्या चाळीला नळ एक. पाणी दोन-तीन दिवसांनी, तेही सकाळी येईल की दुपारी, काही नेम नाही. आलं तर अर्धा तास. तेवढ्यात भरलं तर भरलं, नाहीतर पुढचे दिवस शेजारणीपुढं तांब्या घेऊन उभं राहायचं, आणि शेजारणीकडं तरी कुठं जास्तीचं असतं? शोभा म्हणाली, भरून ठेवते आणि जाते. त्या दिवशी पाणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. अंगात ताप, पोटात सात महिन्यांचं मूल, तशात तिनं ड्रम भरला, हंडे भरले, बादल्या भरल्या, अगदी तांबे-पेलेसुद्धा भरले, आणि उंबऱ्यावर बसली ती उठेना.

आत्या भावाच्या नातवाच्या बारशासाठी म्हणून बाहेरगावी गेली होती, ती नेमकी तेव्हा परतली. तिनंच रिक्षा बोलावली, शोभाचं डोकं मांडीवर घेऊन इस्पितळात गेली. मलेरियाच निघाला, डोक्यात चढणारा. डॉक्टरांनी शर्थ केली. आधी मूल गेलं. मग शोभा.

परतल्यावर आत्या घरी गेली नाही. सरळ चाळीत गेली. मी संतोषची काही औषधं द्यायला तिथं गेलो होतो म्हणून पाहिलं. खोलीत काठोकाठ भरलेला तो निळा ड्रम. आत्यानं कमरेचा डाव काढला, तळापासून ढवळून वर घेतला आणि दाराशी उजेडात धरला. या वेळी ती ओरडली नाही. डावात अळ्या वळवळत होत्या. वरचं पाणी ताजं होतं, पण तो ड्रम कधी पुरता रिकामा झालाच नव्हता.

"मेडिकल," ती म्हणाली, "या ड्रमाला पाठ टेकून मी वाल सोलायची रे. रोज. आख्ख्या गावाच्या मोऱ्या बघितल्या, आनि एकदा पाठीमागं वळून बघितला नाय."

मग तिनं चाळीतल्या बायकांना जमवलं आणि चढ्या आवाजात विचारलं, शनवारी ड्रम ओतायला तुमचे हात मोडले होते काय ग? शेजारच्या खोलीतली मंगल, जळगावची, शांतपणे म्हणाली, "ओततो की आत्या. भरायचं कुठून?"

आत्यानं मान वळवून पडवीपलीकडच्या भावाच्या विहिरीकडं पाहिलं. गावातल्या प्रत्येक घराला स्वतःची विहीर. ओतलं की पोहरा सोडला की भरलं. पिंपं ओतून कोरडी करायचा शनिवार हा विहीरवाल्यांचा उत्सव होता, हे तिच्या ध्यानात आलं. आमच्या कुणाच्या आलं होतं?

पुढच्या सभेत तिनं एकच मागणं मांडलं. शनिवारी सकाळी गावातल्या विहिरी चाळींना उघड्या करा. भाडोत्री ड्रम ओततील, घासतील, आणि विहिरीवरून भरून नेतील. बस. एवढंच. मग एकेकाला कंठ फुटला. पाणी आटेल. चपला घालून येतील. बायाबापड्यांनी कुठं जायचं? शेवटी नाना उठले. नाना तसे वाईट माणूस नाहीत. दुकानात येतात, तब्येत विचारतात, माझ्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस राबले होते. पण जमीन जाताना पाहिलेला माणूस. म्हणाले, "आज विहीर मागतील, उद्या वाट मागतील, परवा घर मागतील. आम्ही आमच्याच गावात पाहुणे व्हायचं का?"

"पोर मेली, जन्या. तुझ्या पडवीच्या पाठी."

"मला दुःख नाही का? पण गावाचा निर्णय गावातली घरं घेतात." आणि मग, रागाच्या भरात असेल, त्यांनी ते म्हटलं. "तू कुठल्या घरातर्फे बोलतेस, यमुनाबाय? पाळीत तुझं घर कुठलं?"

त्यांनाही ते बोलून गेल्यावर लागलं असावं, चेहरा उतरला. पण शब्द गेला तो गेला. त्या मंडपात एकही माणूस उठून म्हणाला नाही की आत्याचं घर सगळं गाव आहे. हळदीच्या दिवशी तिला नाचवणारा बापही तिथंच बसला होता, नखं बघत. आत्या म्हणाली, "बरोबर बोललास," आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं गाठोडं उचललं आणि शोभाच्या खोलीत राहायला गेली. संतोष गावी निघून गेला होता आणि ती खोली कुणी घेत नव्हतं. भाऊ खाली मान घालून पडवीत उभा, भावजय सुलूकाकी पदर तोंडाला लावून रडतेय, आणि आत्या त्यांच्यासमोरून पलीकडं, भाडोत्री व्हायला. सारं गाव कुजबुजलं. उतारवयात हे काय सुचलं?

शनिवारी कळलं काय सुचलं ते. सकाळी सकाळी ती भावाच्या विहिरीवर गेली. माहेरवाशिणीला विहिरीवरून कोण हटकणार? तो तर तिचा मान. ती पाणी शेंदायची, हंडा डोक्यावर घ्यायची, चाळीत ओतून यायची, पुन्हा शेंदायची. चाळीतल्या बायका वेशीवर उभ्या असल्यासारख्या पडवीच्या कडेला थांबायच्या, पुढं यायच्या नाहीत. एका खोलीचा ड्रम, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सत्तरीच्या पुढची बाई. कधी कधी सुलूकाकी विहिरीवरची मोटार चालू करून बंद करायला विसरायची आणि पाइप नेमका चाळीच्या बाजूला पडलेला असायचा. नाना ओरडायचे, काकी म्हणायची, अगो बाई, राहिलंच की.

मग एक दिवस विहिरीवर लोखंडी जाळी बसली. चांगली जाड, बारीक विणीची, तिला कडी, कडीला कुलूप. आत्या हंडा घेऊन उभी राहिली. नाना म्हणाले, "तूच सांगत होतीस ना, विहिरी झाका? झाकली."

आत्या जवळ गेली, जाळीवरून हात फिरवला. "काम चांगला केलाय," म्हणाली. "यातून डास नाय जायाचा."

तो राग मला आजही आवरत नाही. अरे, अडवायचं तर उघड अडवा! तिच्याच तोंडचं बोलणं घेऊन तिचाच रस्ता बंद करायचा?

पण ती थांबली नाही. त्यानंतरच्या शनिवारपासून हंडा घेऊन दारोदार फिरू लागली. ज्या मागच्या दारांनी ती हुकूम सोडत शिरायची त्या दारांशी उभं राहून म्हणायची, "पानी दे." लेकीला पाण्याला नाही कसं म्हणायचं? द्यायचे. कुणी मनापासून, कुणी तोंड वाकडं करून. चाळीतले ड्रम कसेबसे ओतले जात, घासले जात, अर्धेमुर्धे भरले जात. काही शनिवार गेले. मग हळूहळू सकाळी दारं बंद दिसू लागली. शनिवार आला की अख्ख्या गावाला आगाशीच्या बाजाराची आठवण व्हायची. कुणी तिला नाही म्हणालं नाही हां, तेवढी लाज होती. फक्त घरात कुणी नसायचं.

अशाच एका बंद दारावरून परतताना, शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय घसरला. डोक्यावर हंडा. खुबा मोडला. इस्पितळातून पट्टा बांधून आणली ती पुन्हा चाळीतच. नाना आले. मी तिथं होतो. माणूस दारात उभं राहून लहान मुलासारखा रडला. "चल गो बाय, घरी चल."

"कुठल्या?" आत्या म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारल्यासारखी.

नानांनी डोळे पुसले. तसेच माघारी गेले. मग मंगल आणि चाळीतल्या बायकांनीच तिचं सगळं केलं. खाणंपिणं, कूस बदलणं, अंग पुसणं. पुसण्यापुरतंच पाणी, कारण अंघोळीइतकं असायचंच असं नाही. सुलूकाकी दुपारी पडवीतून पेज आणून द्यायची आणि बराच वेळ पाय चेपत बसायची. आत्या सुकत चालली. मी दुखण्याच्या गोळ्या घेऊन जायचो, तेव्हा एकदा तिनं विचारलं, "शनवारी कोन जातंय रे?"

"कुणी नाही, आत्या."

"चाळीतला नाय विचारत. गावात. पाळी कुनाची हाय?"

गावातलाही फेरा बंद पडला होता. ती चाळीत राहायला गेल्यावर कुणाच्या मोरीत डोकवायला कुणाला तोंड उरलं नव्हतं. मी तेही सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी फारसं बोलली नाही. कुणाशीच नाही.

ती गेली तेव्हा नळाला पाणी आलं नव्हतं. चाळीत प्यायच्या कळश्यांपलीकडं थेंब नाही, आणि मयताला अंघोळ तर घालायची. आळीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, गावच्या लेकीला शेवटची अंघोळ माहेरच्याच पाण्यानं. बाकी सगळं भाडोत्र्यासारखं झालं, एवढं तरी रीतीनं होऊ द्या. नानांनी कमरेची किल्ली काढली. कुलूप सुलूकाकीनं उघडलं. जाळी उचलून बाजूला ठेवली, नानांनी स्वतः पोहरा सोडला.

पहिला हंडा भावजयीनं घातला. मग गावातल्या बायका एकेक तांब्या घालून बाजूला झाल्या. मग मंगल पुढं आली आणि थबकली. तिच्यामागं चाळीतल्या सगळ्या बायका, हातात रिकामे तांबे. पाणी घ्यायला विहिरीपर्यंत जायला हवं होतं, आणि तिथवर त्या कधी गेल्या नव्हत्या. सुलूकाकी म्हणाली, "जा गो. घ्या पानी."

त्या गेल्या. एकेक जणी वाकून पाणी घेत होती आणि आत्याच्या अंगावर घालत होती. उभ्या चाळीनं घातलं. ती पाटावर टेकवून बसवलेली, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, मान जरा एका बाजूला कललेली, आणि डोक्यावरून पाणी वाहतंय, वाहतंय. चाळीच्या त्या बोळात इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ती राहिलीय ती अशीच.

संध्याकाळी स्मशानातून परतताना त्याच वाटेनं आलो. जाळी जागेवर होती आणि कुलूप लागलेलं होतं.